नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे

‘माझ्या लहानपणचा खेळ’ या विषयावर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा सांगणाऱ्यांच्या मनात बहुधा विटीदांडू असावा. नाहीतर लगोरी, भवरा, कंचे. मी कुहीचा. खेड्याकडचा कवी म्हटला की त्याने विटीदांडूवर बोलावं, ही अपेक्षा काही चुकीची नाही. विटीदांडू मीही खेळलो आहे. उजव्या भुवईवर त्याची खूण अजून आहे. पण माझ्या मनात ठाण मांडून बसलेला खेळ तो नव्हे. तो सेलवर चालणारा होता. तळहातावर मावणारा, जपानात तयार झालेला आणि कुवेतहून कुहीत आलेला. त्या खेळाच्या निमित्ताने माझ्या हातून एक चूक झाली. ती दुरुस्त करायला मला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. आज तेच सांगणार आहे.

नागपूरहून आग्नेयेला चाळीसेक किलोमीटरवर आमचं कुही. तालुक्याचं गाव. धान, मिरची आणि कापूस यांच्यावर जगणारं. नागपूर-नागभीड ही नॅरोगेजची छोटी गाडी आमच्या भागातून जायची. २०१९ साली रुंदीकरणासाठी ती बंद झाली, पण माझ्या लहानपणी तिचं येणं-जाणं हेच अनेकांचं घड्याळ होतं. आणि जे खरं घड्याळ बांधत, त्यांचं घड्याळ बंद पडलं की ते माझ्या अब्बांकडे येत. बसस्टँडजवळ अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर एक काचेची पेटी, एक स्टूल, गिऱ्हाइकांसाठी लाकडी बाक आणि भिंतीवर वेगवेगळी वेळ दाखवणारी पाच-सहा घड्याळं. अब्बा डोळ्याला भिंग लावून वाकले की त्यांच्याशी बोलायचं नाही, हा नियम घरात अम्मीपासून सगळे पाळत.

१९८३ सालच्या हिवाळ्यात माझे मामू सुट्टीवर आले. ते कुवेतला गाडी चालवायचे. अम्मीसाठी कापड, अब्बांसाठी अत्तर आणि माझ्यासाठी एक चपटी डबी. दोन्ही बाजूंना दोन लाल बटणं, मध्ये कॅल्क्युलेटरसारखा राखाडी पडदा. नाव होतं ‘पॅराशूट’. निन्टेंडो नावाच्या जपानी कंपनीची ‘गेम अँड वॉच’ म्हणून एक मालिका होती, त्यातला १९८१ सालचा हा खेळ. खेळ आणि घड्याळ, दोन्ही एकात. मामूंनी ते अब्बांच्या हातात देताना हेच सांगितलं, “भाईजान, खिलौना नहीं, घडी है.” खेळणं म्हटलं असतं तर अब्बांनी कदाचित परत पेटीत ठेवायला लावलं असतं. घडी म्हटल्यावर त्यांचा नाइलाज झाला.

खेळ अगदी साधा. वर एक हेलिकॉप्टर. त्यातून माणसं पॅराशूट बांधून उड्या मारतात आणि तीन वाटांनी खाली येतात. खाली पाणी आहे. पाण्यात एक होडी आहे. डावं बटण दाबलं की होडी डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे. होडीच्या जागाही तीनच. माणूस पाण्याला टेकायच्या आत होडी त्याच्याखाली न्यायची. माणूस वाचला की एक गुण. हुकला की तो पाण्यात पडतो आणि शार्क त्याच्या मागे लागते. कुहीत शार्क कोणी पाहिली होती? आम्ही तिला मगरच म्हणायचो. तीन माणसं मगरीने खाल्ली की खेळ खलास. दोनशे गुण झाले की आधीच्या चुका माफ, पाचशेला पुन्हा एकदा माफ. दुसऱ्या, अवघड प्रकारात तर एखादा माणूस वाटेत नारळाच्या झाडात अडकायचा, लोंबकळत राहायचा आणि तुमचं लक्ष नसताना अचानक सुटायचा.

बस, एवढंच. माणसांना रंग नाहीत, गाणं नाही. प्रत्येक माणूस एक पायरी खाली आला की ‘टिक’ असा बारीक आवाज. अंधारात तर पडदा दिसायचाही नाही. त्याला स्वतःचा उजेड नव्हता. आणि गंमत अशी की त्या पडद्यावर खरं म्हणजे काहीच हलत नाही. प्रत्येक चित्र आपापल्या जागी कायमचं आखलेलं असतं. वरचं विझतं आणि त्याच्या खालचं उमटतं, म्हणून आपल्याला वाटतं माणूस खाली आला. उन्हात डबी जरा तिरपी धरली की सगळी माणसं सगळ्या जागी एकाच वेळी फिकट दिसायची. वरची, मधली, पाण्यात पडलेली, होडीत बसलेली. मला ते दृश्य तेव्हाही फार आवडायचं.

अब्बांनी नियम घालून दिला. सेल महाग, बटणासारखे छोटे, नागपूरलाच मिळणार. म्हणून खेळ फक्त संध्याकाळी, दुकानाच्या बाकावर, त्यांच्या डोळ्यांसमोर. आम्ही पाच-सहा पोरं रांगेने बसायचो. तीन माणसं बुडाली की डबी पुढच्याकडे. कोणाचे किती गुण झाले ते मी जुन्या पावतीपुस्तकाच्या मागे लिहायचो. डबी माझी, म्हणून वहीही माझी आणि न्यायाधीशही मीच. बारा-तेरा वर्षांच्या पोराला एवढी सत्ता पुष्कळ झाली.

त्या पोरांत एक माझ्या वर्गातला होता. वैनगंगेच्या काठावरच्या एका गावचा, ढिवर घरातला. त्याचे वडील डोंगा चालवायचे आणि मासे धरायचे. शाळेसाठी तो कुहीत मावशीकडे राहायचा. त्याचं नाव मी इथे घेत नाही, कारण रेडिओवर आपलं नाव घ्यायचं नाही, असं त्याने मला बजावलं आहे. आम्ही त्याला डोंगेवाला म्हणायचो, आजही तेच म्हणतो.

आमच्यातले हुशार म्हणवणारे दीडशे-दोनशेला थकायचे. मी एकदा तीनशेच्या वर गेलो आणि आठवडाभर ताठ मानेने हिंडलो. डोंगेवाला पाचशे, सहाशे सहज करायचा. मी त्याच्या शेजारी बसून निरखून पाहायचो. आम्ही सगळे वर पाहायचो, हेलिकॉप्टरकडे, आता कोण उडी मारतो म्हणून. तो वर पाहायचाच नाही. त्याची नजर पाण्यावर. कधी कधी तर डोळे अर्धे मिटलेले. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “आवाज आयक ना बे. मानूस वर असतानी डोंगा हलवाचा नाही. पान्याजवळ आला का मंग.” त्याला त्या टिकटिकीतून तिन्ही वाटांची माणसं वेगवेगळी ऐकू यायची. आम्हाला नुसता कल्ला वाटायचा. पुढे मी कविता लिहायला लागलो. आमच्या घरची बोली नागपुरी हिंदी, मराठी मी शाळेत शिकलो. वृत्तं शिकताना लघू-गुरूंचा तक्ता काही केल्या डोक्यात शिरेना. मग एके दिवशी ही टिकटिक आठवली आणि तक्त्याकडे पाहणं सोडून मी ओळ ऐकायला लागलो. माझा पहिला वृत्तगुरू म्हणजे हा डोंगेवाला. पण हे मी त्याला त्या वेळी सांगितलं नाही. त्या वेळी मी काय सांगितलं, ते आता ऐका.

१९८४ चा एप्रिल महिना. ऊन तापायला लागलं की आमच्याकडे शाळा सकाळची होते. शुक्रवार होता. दुपारी अब्बा आणि मी जुम्याच्या नमाजाला निघालो. डोंगेवाला बाकावर बसला होता. अब्बांनी त्याला सांगितलं, “दुकानाकडे लक्ष ठेव रे,” आणि त्या दिवशी कधी नव्हे ती डबी त्याच्या हातात दिली. पाऊण तासाने आम्ही परतलो. मशिदीपासूनच आणखी दोन-तीन पोरं माझ्या सोबत होती. आम्हाला पाहताच डोंगेवाला बाकावरून उठला. चेहरा लाल, कपाळावर घाम. म्हणाला, “नऊशे नव्व्याण्णव झाले. मंग ते शून्य झालं.”

मी डबी हातात घेतली. पडद्यावर चौदा गुण होते, आणि खेळ थांबलेला. तीन माणसं बुडालेली.

आम्ही जे हसलो! चौदा गुण करून नऊशे नव्व्याण्णव सांगतो! मी म्हणालो, “खोटं बोलतो बे. मगरीनं खाल्ले तुझे सारे मानसं अन् आता बाता मारते.” तो पुन्हा म्हणाला, “शून्य झालं ना बे, खरंच.” मग मी न्यायाधीशाच्या थाटात वहीतून त्याचं नाव खोडलं आणि एक वाक्य बोललो. ते आजही जसंच्या तसं आठवतं, “दुसऱ्याच्या वस्तूले यापुढं हात लावू नको.”

अब्बा टोपी काढून स्टुलावर बसत होते. ते एवढंच म्हणाले, “बारा के बाद एकच बजता ना, बेटा.” आणि त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. भिंग लागलं म्हणजे बोलणं संपलं. त्या वाक्याचा मी काही विचार केला नाही. डोंगेवाला त्या दिवसापासून बाकावर आला नाही. शाळेत बोलायचा, पण डबीचं नाव कधी काढलं नाही. पुढच्या वर्षी त्याच्या वडिलांना माणूस हवा होता म्हणून तो गावी परत गेला. शाळा सुटली, आणि आमची भेटही.

तो खेळ कोणी तयार केला, हे मला फार उशिरा कळलं आणि कळलं तेव्हा अब्बांची आठवण झाली. गुनपेई योकोई हे त्या माणसाचं नाव. निन्टेंडो ही कंपनी मुळात १८८९ साली क्योटो शहरात पत्त्यांचे कॅट बनवण्यासाठी सुरू झालेली. योकोई तिथे १९६५ साली लागले, ते पत्ते छापणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. फावल्या वेळात त्यांनी लांब करता येणारा, चिमट्यासारखी वस्तू पकडणारा एक हात बनवला. मालकांनी तो पाहिला आणि खेळणं म्हणून बाजारात आणला. तेव्हापासून यंत्रांची देखभाल करणारा हा माणूस खेळणी करायला लागला. ‘गेम अँड वॉच’ची गोष्ट अशी सांगतात की, योकोई एकदा बुलेट ट्रेनने जात होते. समोर एक नोकरदार माणूस कंटाळून खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. कंटाळलेल्या माणसाला खिशात मावेल असं काहीतरी द्यावं, असं त्यांच्या मनात आलं. त्या वेळी कॅल्क्युलेटर पुष्कळ स्वस्त झाले होते. त्यांचे पडदे, त्यांचे सुटे भाग सहज मिळत होते. योकोईंनी तेच घेतलं. १९८० साली मालिकेतला पहिला खेळ आला, १९९१ पर्यंत सुमारे साठ खेळ झाले आणि जगभर चार कोटींहून जास्त डब्या खपल्या.

योकोईंचं एक तत्त्व होतं. नव्यातलं नवं, महागडं तंत्र मागे लागून आणू नका; जे जुनं झालं आहे, ज्याचे गुणदोष सगळ्यांना ठाऊक आहेत, जे स्वस्त आहे, त्याचाच वेगळा उपयोग शोधा. १९८९ साली त्यांनी केलेल्या ‘गेम बॉय’चा पडदाही बिनरंगीच होता. १९९७ साली रस्त्यावरच्या अपघातात ते गेले, तेव्हा त्यांचं वय ५६ होतं. मी आता त्याच वयाच्या आसपास आहे.

अब्बांची आठवण का झाली, ते सांगतो. एकदा डबीचं डावं बटण अडकायला लागलं. अब्बांनी ती काचेच्या पेटीवर घेतली, बारीक पेचकसने उघडली, भिंग लावलं आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग मला जवळ बोलावून म्हणाले, “हे बघ. यात चाक नाही, कमान नाही. काही फिरतच नाही. तरी वेळ बरोबर दाखवते.” त्यांनी बटणाखालची धूळ फुंकरीने उडवली, बटण चालू झालं. पण त्यांच्या आवाजात कौतुकही होतं आणि दुसरंही काहीतरी होतं. मला ते तेव्हा कळलं नाही. चार-पाच वर्षांत कुहीतही सेलवरची घड्याळं आली. चावी द्यायची एचएमटी लोक पेटीत ठेवू लागले. सेलचं घड्याळ बंद पडलं की नवा सेल टाकायचा, तेवढ्यावर भागलं नाही की फेकून नवं घ्यायचं. दुरुस्ती अशी काही उरलीच नाही. अब्बांच्या दुकानात पुढे घड्याळाचे पट्टे आले, मग चष्म्याच्या दांड्या आल्या, टॉर्च आले. ज्या चाक नसलेल्या घडीने माझं बालपण गोड केलं, तिच्याच भाऊबंदांनी त्यांचा धंदा गिळला. त्यांनी कधी तक्रार केली नाही. २००६ साली ते गेले.

आणि वैनगंगेचंही तसंच. पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. धरण भंडारा जिल्ह्यात पवनीकडे, पण त्याचं पाणी मागे सरकत आमच्या कुही तालुक्यात आलं. नदीकाठची गावं एकेक करून उठली. डोंगेवाल्याचं गावही त्यात गेलं. माणसं पुनर्वसनाच्या गावठाणांत गेली. कोण कुठे गेलं, याचा पत्ता लागेना. खरं सांगायचं तर मीही शोधला नाही. मी नागपूरला जाऊन बीए झालो, नोकरीला लागलो, कविता छापून येऊ लागल्या. कुठे बालपणावर बोलायची वेळ आली की त्या डबीची गोष्ट रंगवून सांगायचो. त्या गोष्टीत डोंगेवालाही असायचा. लोक हसायचे ते नेमकं त्याच्यावर. ‘चौदा गुण आणि म्हणे नऊशे नव्व्याण्णव!’ कितीतरी वर्षं मी त्या मुलावर माणसं हसवली.

२०२१ साली कुहीचं जुनं घर दुरुस्तीला काढलं. अम्मीच्या लोखंडी पेटीच्या तळाशी कापडात गुंडाळलेली ती डबी सापडली. पाठीमागचं झाकण उघडलं तर आत सेल नव्हते. सेल आत राहिले तर फुटतात आणि सगळं खाऊन टाकतात, हे घड्याळजीला ठाऊक असणारच. डबी गुंडाळण्याआधी अब्बांनी ते काढून टाकले होते. मी नवे सेल टाकले. क्षणभर पडद्यावर काहीच आलं नाही. मग टिक झालं, आणि हेलिकॉप्टर उमटलं.

आता इथे मला स्वतःवरच संशय आला. आपल्याला हा खेळ अजून आवडतो, तो खेळ चांगला आहे म्हणून की आपलं बालपण त्यात आहे म्हणून? ज्या बिस्किटांसाठी लहानपणी जीव टाकला, ती आज खाल्ली की पिठूळ लागतात. पाठ असलेली सिनेमाची गाणी आज पुन्हा ऐकली की त्यातल्या निम्म्यांना आपणच नाकं मुरडतो. म्हणून मी ती डबी माझ्या भाचीच्या हातात दिली. ती तेव्हा कॉलेजात विज्ञान शिकत होती. फोनवरचे सगळे खेळ खेळून झालेली. तिच्याकडे या डबीची एकही आठवण नव्हती. परीक्षक म्हणून ती अगदी योग्य.

तिने पहिल्यांदा पडद्यावर बोट फिरवून पाहिलं. मग बटणं दिसली. मग विचारलं, “मामू, यात पुढची लेव्हल कुठे आहे?” म्हटलं, नाही. “मग जिंकायचं कसं?” म्हटलं, जिंकायचं नाही, बुडू द्यायचं नाही, एवढंच. ती हसली, आणि पहिल्या खेळात एकवीसवर मेली. मग म्हणाली, थांबा, एकदा आणखी. ते ‘एकदा आणखी’ रात्री अम्मीने दिवा बंद करेपर्यंत चाललं. अंधारात पडदा दिसत नाही, हाच काय तो त्या खेळाचा शेवट.

चार दिवसांनी मी तिला विचारलं, “काय आहे गं यात?” तिने जे सांगितलं, ते माझ्यापेक्षा नेमकं होतं. म्हणाली, फोनवरच्या खेळात हरलं की वाटतं आपल्याकडे अमुक हत्यार नव्हतं, पैसे भरले नव्हते, नेट हळू होतं. यात हरलं की कोणाला बोलायची सोयच नाही. माणूस कुठून येतोय ते दिसतं, होडीला तीनच जागा आहेत, वेळही पुरेसा असतो. चूक आपलीच. आणि दुसरं म्हणजे, हा खेळ थोडा थोडा वेग वाढवत नेतो, शंभर झाले की जरासा श्वास घेऊ देतो, मग पुन्हा पळवतो. कोणीतरी आपल्याशी नीट वागतंय असं वाटतं. हे ऐकल्यावर माझा संशय फिटला. खेळ चांगलाच होता. माझं बालपण त्यात आलं, ते नंतर.

आणि मग एका दुपारी मागच्या खोलीतून तिची हाक आली, “मामू, लवकर!” मी धावलो. तिची नजर पडद्यावर, अंगठे बटणांवर. “बघा, बघा.” नऊशे शहाण्णव. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. नऊशे नव्व्याण्णव. डाव्या वाटेने एक माणूस खाली आला, होडी त्याच्याखाली गेली, टिक झालं, आणि आकडा शून्य झाला.

खेळ थांबला नाही. फटाके नाहीत, गाणं नाही, शाबासकी नाही. माणसं येतच राहिली. एक, दोन, तीन. ती बिचारी भांबावली, बटणं चुकली. शार्कने पटापट तिघांना गाठलं. पडद्यावर शेवटचा आकडा राहिला तेरा. ती म्हणाली, “हे काय? मी काही बिघडवलं का?”

मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. त्या पडद्यावर जिथे वेळ दिसायची तिथेच गुण दिसायचे, आणि गुणांसाठी तीनच आकडे होते. नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे जाणार कुठे? बारा के बाद एकच बजता ना. घड्याळजीने एका वाक्यात उत्तर देऊन ठेवलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

डोंगेवाल्याला शोधायला मला त्यानंतरही दोन-तीन वर्षं लागली. म्हणजे शोध कठीण नव्हता, माझं धाडस होत नव्हतं. काय सांगायचं? पन्नाशी उलटलेल्या माणसाकडे जाऊन ‘तुझे नऊशे नव्व्याण्णव खरे होते’ असं सांगायचं? ज्याचं गाव पाण्याखाली गेलं, त्याला? शेवटी २०२४ साली अंभोऱ्याला वैनगंगेवरचा केबलचा मोठा पूल सुरू झाला. नागपूरहून लोक तो पाहायला झुंबड करू लागले, तेव्हा आम्हीही घरची मंडळी घेऊन गेलो. अंभोरा म्हणजे पाच नद्यांचा संगम. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ इथेच लिहिला, असं आमच्याकडे अभिमानाने सांगतात. आंबेजोगाईचे लोक आपल्याकडे लिहिला म्हणतात. ते काही असो. पुलावरून खाली अथांग पाणी पाहताना मला वाटलं, या पाण्यात कुठेतरी त्याचं घर आहे आणि आपण वरून गंमत पाहतो आहोत. खाली एका होडीवाल्याला विचारलं. त्याने दोन मिनिटांत पत्ता सांगितला.

पुढच्या रविवारी मी गावठाणात गेलो. तो अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. केस पांढरे, पण नजर तीच, खाली, हातातल्या कामावर. मला ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. चहा झाला. मुलाबाळांची चौकशी झाली. मासेमारी आता पोरगा पाहतो म्हणाला. मग मी पिशवीतून डबी काढली आणि जे सांगायचं होतं ते सांगून टाकलं. भाचीचं, नऊशे नव्व्याण्णवचं, शून्याचं. “तू खरं बोलत होता. मी तुले खोटं ठरवलं. माफ कर.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग हसला. म्हणाला, “तुले काय वाटलं, मी फुशारकी मारत होतो?”

म्हटलं, मग काय करत होतास?

“मी भेलो होतो बे. आकडा एकदम शून्य झाला ना. मले वाटलं, माह्याच हातानं बिगडली. परदेशातली वस्तू. बाप कुठून भरन पैसे? तुमी आले तसा पयले सांगून टाकलं. लपवून काय करतो?”

चाळीस वर्षं मी ती गोष्ट फुशारकी म्हणून सांगत आलो होतो. आणि तो कबुली देत होता. आपल्या हातून वस्तू बिघडली असं समजून, पळून न जाता, घाम पुसत उभं राहून कबुली देत होता. आणि मी त्याला म्हणालो होतो, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नको.

“मंग तुह्या अब्बांनी सांगतलं ना,” तो पुढे म्हणाला. “बारा के बाद एकच बजता. तवा कुठं जीव खाली पडला. म्हटलं, बिगडली नाही, घडीच तशी आहे.”

म्हणजे ते वाक्य माझ्यासाठी नव्हतंच. मी समजत होतो अब्बांनी आमच्या भांडणात निकाल दिला आणि मी तो ऐकला नाही. त्यांना निकाल द्यायचाच नव्हता. त्यांनी एका घाबरलेल्या पोराचा चेहरा पाहिला आणि त्याला कळेल अशा भाषेत सांगितलं की, बेटा, तू काही मोडलं नाहीस. मी त्याच बाकाजवळ उभा होतो, हातात वही घेऊन.

डोंगेवाल्याने डबी घेतली. अंगठे आपोआप जागेवर गेले. डोळे अर्धे मिटले. त्रेसष्टपर्यंत गेला आणि तिसरा माणूस बुडाला तेव्हा म्हणाला, “आता आयकू कमी येते.” डबी त्याच्याकडेच ठेव, असा मी आग्रह केला. तो नको म्हणाला, मी पुन्हा म्हटलं, तो पुन्हा नको म्हणाला. मग त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

“टाइम चुकीचा दाखवते बे हे. घडीवाल्याचा पोरगा ना तू?”

खरंच, सेल टाकल्यापासून मी त्यात वेळ लावलीच नव्हती. त्याच्या अंगणात बसून आम्ही दोघांनी मिळून ती लावली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.